वरच्याची मुलाखत

साइटवर त्याला सगळे 'वरचा' म्हणत. सिमेंट अडलं की 'वरच्याला सांग', लोखंड कमी पडलं की 'वरचा देईल', आणि जेवणाची सुट्टी लांबली की 'वरच्याला दया आली तर'. नवा माणूस कामावर आला की पहिले दोन-तीन दिवस त्याला वाटायचं, इथली मंडळी भलतीच देवभोळी दिसतात. मग कुणीतरी त्याची हनुवटी धरून मान वर करायचं आणि टॉवर क्रेनच्या माथ्याशी टांगलेली काचेची केबिन दाखवायचं. त्या केबिनमध्ये हा बसलेला असायचा. साइट बदलायची, इमारत बदलायची, मॅनेजर बदलायचे. हा मात्र वरच.

केबिन म्हणजे काय, उभं राहून हात पसरले तर दोन्हीकडे काचेला बोटं लागतील एवढी जागा. पायाखालीसुद्धा काच. एक खुर्ची, दोन हातांशी दोन दांडे, कानाशी वॉकीटॉकी. सकाळी खांबाच्या आतल्या शिडीनं चढायचं ते काम संपल्यावरच उतरायचं. डबा तिथंच खायचा, आणि लघवीची सोय रुंद तोंडाच्या बाटलीत. घरी कुणी पाहुण्यानं कौतुकानं विचारलं की हा म्हणायचा, "हवा छान असते वर." हवा छान असायचीच, पण दिवसभर नुसत्या हवेशी बोलणार तरी किती?

गेल्या वर्षापासून गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. डॉक्टर म्हणाले, "शिडी बंद करा." हा म्हणाला, "शिडी बंद म्हणजे पगार बंद." डॉक्टरांनी यावर गोळ्या लिहून दिल्या. त्याची बायको इस्त्रीच्या दुकानात काम करायची, दिवसभर उभी. संध्याकाळी दोघं पलंगाच्या काठावर बसून एकमेकांच्या पायांना तेल लावत. एकदा ती म्हणाली, "जगाचं सामान वर नेऊन ठेवलंत. स्वतः खाली कधी येणार?" ती हसत होती, पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

खाली यायची वाट अचानक दिसली ती घंटीवाल्या बाईंमुळे. साइटवर बारीकसारीक अपघात वाढले होते. कुणाचं बोट चेपलं, कुणाच्या पायावर वीट पडली. कंपनीनं हेल्मेटं बदलण्याऐवजी बाई बोलावल्या, कारण बाई स्वस्त पडल्या. त्या सगळ्यांना कँटीनमध्ये बसवायच्या, छोटी पितळी घंटी वाजवायच्या आणि मऊ आवाजात विचारायच्या, "आत्ता, या क्षणी, तुमचे हात काय करताहेत?"

"काडेपेटी शोधताहेत," मागून कुणीतरी म्हणायचं, आणि कँटीनभर खसखस पिकायची.

वरच्याला मात्र ते पटलं. म्हणजे आधी त्यानंही नाक मुरडलं होतं. पण वर एकट्यानं बसून करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं करून बघितलं. दांडा ढकलताना दांडाच ढकलायचा. गज वर येताना पगाराचा, गुडघ्यांचा, घरभाड्याचा विचार आला तर त्याला 'बस बाजूला' म्हणायचं आणि पुन्हा गजाकडे बघायचं. आणि काय आश्चर्य, दिवस अंगावर येईनासा झाला. ओझं झुलायचं थांबलं. खाली उभं राहून हाताच्या खुणा करणारा सिग्नलवाला त्याचा जुना दोस्त. कुणाचं कौतुक करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तोही वॉकीटॉकीवर म्हणाला, "काय रे, आज ओझं ठेवतोयस की झोपलेलं पोर?"

बाईंच्या कानावर हे गेलं. त्यांनी मॅनेजर साहेबांना सांगितलं, साहेबांनी वरिष्ठांना. मग नोटीस लागली: कंपनीच्या सगळ्या साइटवर फिरून कामगारांना भान ठेवायला शिकवणारा एक माणूस पाहिजे, शक्यतो कामगारांतलाच. जमिनीवरची नोकरी. पगार जास्त. बसायला चाकाची खुर्ची. अर्ज बरेच आले, पण निवड कुणाची होणार हे अख्ख्या साइटला ठाऊक होतं. मुलाखत नावाला होती. बायकोनं त्याचा पांढरा शर्ट स्वतःच्या हातानं इस्त्री केला, आणि तोही दुकानात, मालकासमोर, गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून.

मुलाखतीच्या दिवशी दुपारीच हवामानाचा इशारा आला: संध्याकाळी जोराचा वारा सुटणार. क्रेनचं काम थांबलं. काम थांबलंच आहे तर मुलाखत उरकून टाकू, असं साहेबांनी ठरवलं. वॉकीटॉकीवर बोलावणं आलं, "वरच्या, खाली ये, लगेच."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. क्रेनचा आडवा लांब हात असतो, त्याला बूम म्हणतात. काम चालू असताना तो हवा तिथं रोखून धरायला ब्रेक लावतात. पण माणूस केबिन सोडून निघाला की तो ब्रेक मोकळा करायचा असतो. मग वारा येईल तसा बूम फिरत राहतो आणि क्रेनला काही होत नाही. ब्रेक लागलेला राहिला तर क्रेन वाऱ्याला अडून उभी राहते, आणि मग एक तर वारा हरतो नाहीतर क्रेन. हे पहिल्या दिवशी शिकवतात. वरच्यानं इतक्या वर्षांत एकदाही ते चुकवलं नव्हतं.

त्या दिवशी तो शिडी उतरला तो मुलाखत पाठ करत. 'भान ठेवणं म्हणजे काय? साहेब, भान ठेवणं म्हणजे जे हातात आहे त्यातच मन ठेवणं.' एक पायरी. 'मन भटकलं तर? साहेब, भटकू द्यावं, पण परत आणावं.' दुसरी पायरी. वाक्यं मोठी झकास जुळत होती. खाली येऊन त्यानं नळावर तोंड धुतलं, पांढरा शर्ट घातला, केसांतून कंगवा फिरवला. गुडघे दुखले का, हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

साहेबांचं ऑफिस म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन पत्र्याच्या पेट्यांमधली वरची पेटी. आत टेबल, पंखा, भिंतीवर वाऱ्याचा वेग दाखवणारा डबा, आणि समोर मोठी खिडकी. टेबलापलीकडे साहेब आणि बाई बसले होते. याला खिडकीसमोरची खुर्ची दिली. बसता बसता त्याची नजर बाहेर गेली.

इमारतीला लावलेली हिरवी जाळी एका बाजूला फुगून फडफडत होती. बूम मात्र दुपारी होता तिथंच होता, शेजारच्या मंडईच्या पत्र्यावर रोखलेला.

'ब्रेक सोडला का मी?'

त्यानं आठवून बघितलं. वीज बंद केली, हे आठवत होतं. ओझं अडकवायचा आकडा वर घेतला, तेही. खिडकीची कडी लावली. आणि ब्रेक? ब्रेकच्या जागी त्याला आठवत होतं, 'साहेब, भान ठेवणं म्हणजे जे हातात आहे त्यातच मन ठेवणं.'

"तर मग सांगा," साहेब म्हणाले, "भान ठेवणं म्हणजे तुमच्या दृष्टीनं काय?"

वरचा बूमकडे बघत राहिला. वारा अजून बेताचा होता. एवढ्याशा वाऱ्यात मोकळा बूमसुद्धा कधी कधी हलत नाही. थोडा जोर वाढू दे, फिरेल. फिरला की जीव भांड्यात पडेल. त्याच्या तोंडून कसंबसं निघालं, "साहेब... बघत राहणं."

"बास?"

"बास."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे मिटून मान डोलावली. मघाशी जो स्टोअरकीपर मुलाखत देऊन गेला तो पाऊण तास बोलला होता आणि त्यात त्यानं तीन पुस्तकं उद्धृत केली होती.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

जाळीचा एक कोपरा सुटला आणि निशाणासारखा ताठ उभा राहिला. बूम जागचा हलला नाही. "आत्ता तरी," वरचा बूमवरची नजर न काढता म्हणाला, "मला तेवढंच दिसतंय."

बाईंचे डोळे भरून आले. "हेच," त्या हळूच म्हणाल्या. "हेच मी शिकवत होते." साहेबांनी कागदावर काहीतरी लिहून खाली दोनदा रेघ ओढली. हा इकडे घामानं निथळतोय आणि तिकडे त्याच्या घामाचे गुण मिळताहेत, असा सगळा प्रकार चालला होता. त्याला उठून पळावंसं वाटत होतं. पण उठून सांगणार काय? मी भान ठेवायच्या नोकरीची मुलाखत पाठ करता करता क्रेनचा ब्रेक विसरलो?

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "इथं येण्याआधी तुम्ही पूर्ण लक्ष देऊन केलेलं काम कोणतं? अगदी एकेक हालचाल सांगा."

तो सांगू लागला. आकडा वर घेतला. वीज बंद केली. खिडकीची कडी लावली. "आणि मग ब्रेक मोकळा केला," तो म्हणाला. रोजचं काम, रोजची ओळ. तोंडून आपोआप आली. ती कानावर पडली मात्र, त्यानं पुन्हा बूमकडे पाहिलं. आता हे खरं आठवतंय की नुसतं तोंडात बसलंय, हे त्याला स्वतःलाच कळेना.

साहेब उठले आणि त्यांनी हात पुढं केला. "सोमवारपासून खाली. अभिनंदन."

खाली. या एका शब्दासाठी तो इतकी वर्षं चढत होता. त्यानं साहेबांचा हात धरला, आणि धरूनच ठेवला.

"साहेब, ब्रेक."

"काय?"

"ब्रेक सोडला की नाही, मला आठवत नाही. बूम हलत नाहीये. मंडई रिकामी करायला सांगा."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग भिंतीवरच्या डब्याकडे. तेवढ्यात डब्यावर लाल दिवा लागला. लाल दिवा म्हणजे क्रेनवर कुणी चढायचं नाही. "आत्ताच म्हणालास सोडला म्हणून."

"म्हणालो. पण आठवत नाही."

"म्हणजे लावलेला आहे असंही नक्की नाही."

"नाही."

साहेब खुर्चीत बसले. भर बाजाराच्या वेळी मंडई उठवायची म्हणजे पालिका, पोलीस, चौकशी. उद्या सगळीकडे बोभाटा. आणि तेही एका माणसाला आठवत नाही म्हणून. साहेब वाईट नव्हते. एवढी कटकट त्यांना झेपणारी नव्हती, इतकंच. "अरे, नोकरी मिळाली की माणूस असाच बावचळतो," ते समजुतीनं म्हणाले. "बाई, तुम्हीच सांगा याला."

"हा फक्त विचार आहे," बाई म्हणाल्या. "झालेल्या गोष्टीचा विचार आणि होणाऱ्या गोष्टीची भीती. येऊ द्या, जाऊ द्या. आत्ता तुम्ही इथं आहात, सुरक्षित आहात." मग त्यांचीही नजर खिडकीकडे गेली आणि आवाज जरा खाली आला. "पण खरंच लावलेला असला तर?"

"बाई, आता तुम्ही सुरू होऊ नका!"

वरच्यानं दार उघडलं. वाऱ्यानं ते त्याच्या हातातून ओढून पत्र्यावर आपटलं.

खाली सिग्नलवाला क्रेनच्या पायथ्याशी दोरखंड आवरत होता. "झालं का काम? पेढे कधी देतोस?" असं म्हणता म्हणता त्यानं वरच्याचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"ब्रेक राहिला बहुतेक. तू मंडई रिकामी कर."

"साहेब म्हणाले?"

"नाही. मी म्हणतोय."

सिग्नलवाल्यानं एकदा बूमकडे पाहिलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि मंडईकडे धावत सुटला. जाता जाता ओरडला, "चढू नकोस, लाल दिवा लागलाय!" तोवर वरच्याचा पाय शिडीवर होता.

तो आयुष्यात इतका घाबरला नव्हता. वारा खांबाच्या जाळीतून आरपार जात होता आणि पांढरा शर्ट पाठीवर फटफटत होता. गुडघ्यांत कळ यायची, तो थांबायचा, पुन्हा चढायचा. जिथं मन न्यायला बाई महिनाभर घंटी वाजवत होत्या, तिथं ते आता आपसूक येऊन बसलं होतं, कारण दुसरीकडे जायला वाटच नव्हती. हात, लोखंड, पाय, लोखंड. निम्म्या उंचीवर त्यानं खांब घट्ट धरला आणि त्याला कळलं. खांब पिळवटत होता. वर काहीतरी वळायला बघत होतं आणि त्याला वळता येत नव्हतं. मोकळी क्रेन अशी कण्हत नाही. ब्रेक लागलेला होता. आता शंका नव्हती, आणि ती होती तेव्हाच बरं होतं असं त्याला वाटून गेलं.

केबिनचं दार उघडायला त्याला खांदा लावावा लागला. ब्रेकचा दांडा सकाळी त्यानंच लावला होता तसा आडवा. त्यानं दोन्ही हातांनी तो उचलला. क्षणभर काहीच झालं नाही. मग मोठा खटका सुटल्याचा आवाज आला, केबिनला हिसका बसला आणि बूम हळूहळू मंडईवरून सरकायला लागला. पत्रे गेले, रस्ता गेला, पाण्याची टाकी आली. क्रेन वाऱ्याकडे पाठ करून शांत उभी राहिली. वरचा काचेवर डोकं टेकवून ढसाढसा रडला.

वॉकीटॉकी खरखरली. साहेबांचा आवाज होता, हसरा, हलका. "बघितलंस? फिरली की नाही? मी म्हणत होतो ना, मोकळाच होता!"

वरच्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"लाल दिव्यात चढलास, ते मी सांभाळून घेतो. घाबरलास, चढलास, विषय संपला. फक्त रिपोर्टमध्ये लिहायचंय म्हणून विचारतो. ब्रेक मोकळाच होता ना?"

वॉकीटॉकी साइटवर सगळ्यांकडे होती, आणि सगळे ऐकत होते. 'हो' म्हटलं की संपलं. सोमवारपासून खाली, चाकाची खुर्ची, गुडघ्यांना सुट्टी. 'नाही' म्हटलं की ब्रेक विसरल्याबद्दल लायसन्स जाणार, म्हणजे वरचं कामही जाणार. त्याचा अंगठा बटणावर होता. तेवढ्यात मंडईच्या बाजूनं गलका ऐकू आला. त्यानं खाली पाहिलं. भाजीवाल्यांनी सिग्नलवाल्याला घेरलं होतं. कुणीतरी त्याची कॉलर धरली होती. टोपल्या उलथल्या होत्या, लोक रस्त्यावर होते, आणि हा गडी दोन्ही हातांनी वर क्रेनकडे बोट दाखवत होता.

"हॅलो? मोकळाच होता ना? मग आता तुझ्या त्या दोस्ताला विचारावं लागेल, कुणाच्या परवानगीनं एवढा गोंधळ घातला म्हणून."

"नाही साहेब," वरचा म्हणाला. "लावलेला होता. मी विसरलो होतो. आत्ता सोडला."



"नीट आठवून सांग," साहेब म्हणाले. आता आवाजात हसू नव्हतं. "परत एकदा विचारतो."

"आठवायचं काय त्यात? हात अजून दांड्यावरच आहे. लावलेला होता."

साहेबांनी बटण सोडलं. मंडईतल्या माणसानंही ते सिग्नलवाल्याच्या वॉकीटॉकीवर ऐकलं आणि त्याची कॉलर सोडली. काही वेळानं ऑफिसातून निरोप आला, साहेबांचा नव्हे, क्लार्कचा: खाली आल्यावर लायसन्स जमा करावं. आणि लाल दिवा आहे तोवर खाली येऊ नये.

मग खिशातला फोन वाजला. बायको. दुकानातून करत असणार. मागं वाफेचा आवाज येत होता.

"झाली का हो मुलाखत? मिळाली?"

त्यानं तिला सगळं सांगितलं. वाक्यं मागं-पुढं झाली, पण काही लपवलं नाही. मागचा वाफेचा आवाज थांबला होता, म्हणजे तिनं इस्त्री उभी करून ठेवली असणार.

"म्हणजे खालची पण गेली आणि वरची पण?" तिनं विचारलं.

"हो."

"मग आता आहात कुठं?"

वाऱ्यानं दिशा बदलली. बूम वळला, आणि त्याच्याबरोबर केबिन, खुर्ची आणि तो.

"वरच," तो म्हणाला. "वारा पडेपर्यंत उतरता येत नाही."